मूठ सुटत नाही, माणूस उठत नाही

लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरवून काढलं, बरणी ओट्यावर ठेवली, आणि झाकण खाली ठेवायला गेलं तर बोटं उघडेनात. दोन-तीन सेकंद, कधी दहा, बोटं तशीच वाकलेली. मग एकेक करून सैल होतात. थंडीत हे जास्त होतं. तीच मूठ पाच-सहा वेळा उघडमीट केली की मोकळी होत जाते, त्यामुळे माणूस फारसं मनावर घेत नाही. "हात जरा आखडतो" म्हणता म्हणता वर्षं निघून जातात. कुणाशी हात मिळवला आणि तो लवकर सुटला नाही, तर समोरच्याला तो जिव्हाळाच वाटतो.

न्यूरॉलॉजिस्टला मात्र ओळख पटायला मिनिटही लागत नाही. "मूठ घट्ट आवळा, आता पटकन सोडा" म्हणायचं आणि बघत राहायचं. मग रबरी हातोडी घेऊन अंगठ्याच्या बुंध्याशी असलेल्या मांसल उंचवट्यावर टक् करून मारायचं. अंगठा तळहाताकडे वळतो आणि परत यायचं नाव घेत नाही. आवळलेला स्नायू वेळेवर सैल न होणं, याला मायोटोनिया म्हणतात. आणि आईवडिलांकडून आलेल्या ज्या आजारात हा मायोटोनिया असतो, वर स्नायूही वर्षागणिक झिजत जातात, तो मायोटोनिक डिस्ट्रॉफी.

इथवर सगळं स्नायूंचंच झालं. पण रुग्णाबरोबर आलेल्या माणसाला बोलू दिलं की गाडी दुसऱ्याच रुळावर जाते. बायको म्हणते, "डॉक्टर, हाताचं एक वेळ चालेल. पण हे दिवसभर खुर्चीतून हलत नाहीत, त्याचं काय? सांगितलं की 'हो' म्हणतात आणि तिथेच बसून राहतात." नवरा शांतपणे म्हणतो, "मला तसा काहीच त्रास नाही." या दोन वाक्यांतही तोच आजार बोलत असतो, आणि माझ्या मते दुसऱ्यात जास्त.

१९०९ साली जर्मनीत हान्स स्टाइनर्ट यांनी आणि इंग्लंडमध्ये बॅटन व गिब या दोघांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, या आजाराचं वर्णन केलं. तो निव्वळ स्नायूंचा नाही हे लवकरच कळू लागलं. कमी वयात मोतीबिंदू होतो. पुरुषांना कपाळाकडून लवकर टक्कल पडतं. हृदयात विजेचा संदेश पुढे जायला उशीर लागतो आणि एखाद्या दिवशी तो पोचतच नाही. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. गिळताना ठसका लागतो, पोट बिघडतं. आणि मेंदू. शंभर वर्षांत या यादीत मेंदू पुन्हा पुन्हा शेवटी येत राहिला, कारण आजाराच्या नावात स्नायू होता आणि रुग्ण स्नायूंच्या दवाखान्यात जात होता.

हे नावाचं भूत एकट्या या आजारालाच लागलेलं नाही. लहान मुलग्यांना होणारी डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी सगळ्यांना ऐकून माहीत असते. गिलॉम डुशेन या फ्रेंच डॉक्टरांनी १८६१ मध्ये असा पहिला मुलगा नोंदवला, तेव्हा त्याची मंद बुद्धी पाहून त्यांनी या दुखण्याचं मूळ मेंदूतच असणार असं लिहून टाकलं. १८६८ पर्यंत त्यांनी मत बदललं आणि आजार स्नायूंच्या खात्यात गेला. स्नायूंबद्दल त्यांचं दुसरं मत बरोबर होतं, पण पहिल्यातही तथ्य होतं. डिस्ट्रॉफिन हे प्रथिन मेंदूतही असतं. या मुलांपैकी साधारण एकतृतीयांश मुलांना शिकण्यात अडचण येते. ऐकलेले आकडे डोक्यात धरून ठेवून परत म्हणून दाखवणं अनेकांना जड जातं, बुद्धी चांगली असली तरीही. फरक इतकाच, की डुशेनमध्ये स्नायू ढासळत जातात आणि मेंदूची अडचण मात्र आहे तिथेच राहते. मायोटोनिक डिस्ट्रॉफीत तीही पुढे सरकू शकते.

आता त्या खुर्चीतल्या माणसाकडे. मराठीत न हलणाऱ्या माणसासाठी शब्दांची ददात नाही. आळशी, ऐतखाऊ, ढिम्म, कुंभकर्ण, आणि सगळ्यांत जिव्हारी लागणारा मख्ख. या आजारात पापण्या अर्धवट खाली येतात, गालांचे आणि कानशिलांजवळचे स्नायू ओसरतात, चेहरा लांबट दिसतो, ओठ किंचित उघडे राहतात. म्हणजे आतून हसू आलं तरी चेहऱ्यावर पुरतं उमटत नाही. समोरचा बोलत असतो आणि त्याला समोर मख्ख चेहरा दिसतो. त्यात भर म्हणजे दुसऱ्याच्या चेहऱ्यावरचा राग, भीती, नापसंती ओळखण्यातही यांतले बरेच जण कमी पडतात, असं चाचण्यांत दिसलं आहे. बायको चिडली आहे हे त्याला उशिरा कळतं, आणि कळलं तरी ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत नाही. संसारातली किती भांडणं या एका स्नायुदोषाने आणि एका मेंदूदोषाने मिळून लावली असतील, कोण जाणे.

या न हलण्याला वैद्यकशास्त्रात एक नाव आहे, आणि ते सांगायला मराठी फार सोयीची आहे. आपल्याकडे उदास आणि उदासीन हे दोन वेगळे शब्द आहेत. उदास माणसाला दुःख असतं; रडू येतं, जीव नकोसा होतो. उदासीन माणसाला दुःख असेलच असं नाही. त्याला काही करावंसं वाटत नाही, आणि वाटत नाही याचीही टोचणी लागत नाही. मायोटोनिक डिस्ट्रॉफीत दुसरी गोष्ट, उदासीनता, पहिलीपेक्षा जास्त आढळते. नैराश्यही येतं, ते वेगळं तपासायलाच हवं. पण कित्येक घरांत "डिप्रेशन आहे" म्हणून गोळ्या सुरू होतात आणि फरक पडत नाही, कारण माणूस उदास नसतोच. काम ठरवणं, सुरुवात करणं, एक सोडून दुसऱ्याकडे वळणं, हे मेंदूचा पुढचा भाग आणि त्याचं बाकीच्या मेंदूशी असलेलं जाळं मिळून करतात. एमआरआयमध्ये या रुग्णांच्या मेंदूतल्या पांढऱ्या द्रव्यात, म्हणजे जोडणाऱ्या तारांमध्ये, डाग आणि विरळपणा दिसतो. दिवे असले तरी वायरिंग कच्चं.

मग "मला काही त्रास नाही" हे वाक्य. ते खोटं नसतं, तो घाबरून लपवतोय असंही नेहमी नसतं. स्वतःत काय बदललंय हे जोखणं हेही मेंदूचंच काम, आणि तेच मंदावलेलं असतं. म्हणूनच अनुभवी डॉक्टर रुग्णाला विचारतो ते सगळं घरच्यांनाही विचारतो, आणि दोन उत्तरांतलं अंतर टिपून ठेवतो.

स्मरणाचं काय? घरचे म्हणतात, "याला काही लक्षात राहत नाही." इथे थोडं थांबून पाहण्यासारखं आहे, कारण विसरण्याचे प्रकार अनेक.

मेंदूच्या चाचण्यांत एक जुनी आकृती वापरतात. आंद्रे रे या स्विस मानसशास्त्रज्ञांनी ती १९४१ मध्ये मांडली. मोठा आयत, आत कर्ण, छोटे चौकोन, एका कोपऱ्यात तीन ठिपक्यांचं वर्तुळ, बाजूला क्रूस, पुढे टोक काढलेला त्रिकोण. अर्थ कशालाच नाही. आधी समोर ठेवून नक्कल करायला सांगतात, आणि काही वेळाने न बघता आठवून काढायला. आपल्यापैकी बहुतेक जण आधी मोठा आयत काढतात, मग कर्ण, मग तपशील. या आजाराचा रुग्ण कधी एका कोपऱ्यातल्या चौकोनापासून सुरू करतो, तिथून शेजारच्या रेघेवर, तिथून ठिपक्यांवर. नक्कल करतानाच आकृती वाकडी होते, आणि अर्ध्या तासाने आठवायला सांगितलं तर हाती तीन-चार तुकडे येतात. डाळ डब्यात न भरता नुसती ओट्यावर सांडून ठेवली, तर महिन्याने डबा रिकामाच निघणार. तो विसरला असं म्हणण्याआधी त्याने नीट भरलंच होतं का, हे पाहावं लागतं. दृश्य गोष्टींची मांडणी, लक्ष टिकवणं आणि आखणी, या आजाराचा ठसा इथे उमटतो. बोललेलं समजणं, शब्दांचा साठा पुष्कळदा शाबूत असतो, म्हणून गप्पांत माणूस अगदी ठीक वाटतो. पाहुणा जातो आणि सांगतो, "काही झालेलं नाही त्याला."

वयाबरोबर मात्र खरी घसरणही होते. क्यूबेकमधल्या एका दीर्घ अभ्यासात प्रौढ रुग्णांना नऊ वर्षांच्या अंतराने त्याच चाचण्या दिल्या, तेव्हा ऐकलेले शब्द आठवणं, लक्ष आणि कामाचा वेग यांत उतार दिसला. हे अल्झायमर नव्हे. माणूस मुलांना ओळखेनासा होत नाही, घराचा रस्ता चुकत नाही. उतार संथ असतो.

आणि झोप. या आजारात दिवसा येणारी झोप ही नुसत्या थकव्याहून निराळी गोष्ट आहे. रात्री आठ तास झोपूनही दुपारी पेपर हातात धरून डोळा लागतो. टीव्हीसमोर, लोकलमध्ये, जेवता जेवता. कारणं दोन तऱ्हेची. श्वासाचे स्नायू दुबळे झाले की रात्री कार्बन डायऑक्साइड साठतो, झोपेत श्वास अडतो, सकाळी डोकं जड. हे मोजता येतं आणि मास्कच्या यंत्राने बरंचसं सुधारतं. पण मास्क लावूनही काही जण पेंगतच राहतात, कारण झोप-जागेपणाची मेंदूतली घडीच विस्कटलेली असते. काहींत तर झोप लागताच स्वप्नांची अवस्था सुरू होते. झोपेने भरलेल्या मेंदूला लक्षात काय राहणार? म्हणून स्मरणाची तक्रार आली की आधी झोप तपासावी. यात घरच्यांचा सगळ्यात मोठा फायदा होण्याजोगा आहे आणि तोच पुष्कळदा राहून जातो.

हे सगळं एका कुठल्या चुकीतून होतं? उत्तर १९९२ मध्ये मिळालं, आणि ते विचित्र निघालं. १९व्या गुणसूत्रावर डीएमपीके नावाचं एक जनुक आहे. त्याच्या शेपटाकडे सी-टी-जी ही तीन अक्षरं लागोपाठ येतात. निरोगी माणसांत साधारण ५ ते ३४ वेळा. रुग्णांत ती ५० पासून शेकड्यांनी आणि कधी हजारांनी येतात. एखादं अक्षर उच्चारताना जीभ अडकावी तसं. पण ही अक्षरं प्रथिनाच्या मजकुरातली नाहीतच, मजकूर संपल्यानंतरची आहेत. मग बिघडतं काय? त्या लांबलचक शेपटाची आरएनए प्रत पेशीच्या केंद्रकात वाकून गुंता करते आणि एमबीएनएल नावाच्या प्रथिनांना त्या गुंत्यात अडकवून ठेवते. ही प्रथिनं एरवी संकलकाचं काम करतात: इतर शेकडो जनुकांच्या कच्च्या प्रतींतले कुठले तुकडे ठेवायचे, कुठले कापायचे, हे ठरवतात. गर्भात एक कापणी, मोठेपणी दुसरी. संकलकच अडकला की मोठ्या माणसाच्या शरीरात गर्भावस्थेतल्या कापणीची प्रथिनं तयार होतात. स्नायूत क्लोराइडची दारं चुकीची कापली जातात, म्हणून मूठ सुटत नाही. इन्सुलिनच्या ग्राहीचं तेच. मेंदूत टाउ प्रथिनाचं तेच. काही रुग्णांच्या मेंदूत टाउचे गुंतेही सापडले आहेत. २०१२ मध्ये संशोधकांनी उंदरांत एमबीएनएल२ हे एकच प्रथिन काढून टाकलं. त्या उंदरांचे स्नायू फारसे बिघडले नाहीत, पण झोपेचा क्रम बिघडला आणि जागा लक्षात ठेवायला ते कमी पडले. खुर्चीतल्या माणसाची अर्धी कहाणी त्या उंदरांत होती.

या अक्षरांच्या आकड्याला आणखी एक खोड आहे. पिढी बदलताना तो वाढतो. आजोबांना साठीत मोतीबिंदू, एवढंच. मुलीचा हात तिशीत आखडू लागतो. तिचं बाळ जन्मतःच लुळं पडतं. दूध ओढता येत नाही, श्वासाला यंत्र लागतं, आणि पुढे बुद्धीची वाढ मागे राहते. जन्मजात असा भयंकर प्रकार जवळजवळ नेहमी आईकडून येतो. १९१८ मध्ये ट्युबिंगेनचे नेत्रतज्ज्ञ ब्रुनो फ्लायशर यांनी मोतीबिंदूच्या मागे जाऊन ही घराणी शोधली होती. पुढे १९४८ मध्ये लायोनेल पेनरोज या थोर आनुवंशशास्त्रज्ञांनी सांगितलं, की पिढीगणिक आजार वाढणं हा निवडीचा भास आहे: आजारी मूल आधी सापडतं आणि मग सौम्य आईवडील शोधले जातात, शिवाय ज्यांना लहानपणीच तीव्र आजार झाला त्यांना मुलं होतच नाहीत. युक्तिवाद इतका चोख, की चार दशकं बहुतेकांनी तोच मानला. घरोघरी आज्या मात्र सांगत होत्या की प्रत्येक पिढीत वाढतंय. १९९२ ला अक्षरं मोजता आली आणि आज्या बरोबर ठरल्या.

रक्तातल्या आकड्यावरून मेंदूचं भविष्य सांगता येत नाही, हे मात्र लक्षात ठेवावं. आयुष्यभर तो शरीरात वाढत जातो, आणि स्नायूत व मेंदूच्या बाह्य थरात रक्तापेक्षा बराच मोठा होतो.

आपल्याकडे आनुवंशिक आजार म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "लग्न नात्यात झालं होतं का?" मामाच्या मुलीला इथे उगाच दोष लागतो. हा आजार आईवडिलांपैकी एकाकडूनही येतो आणि प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. ज्यांना तो सौम्य असतो त्यांना आपल्याला तो आहे हे ठाऊकच नसतं. तो किती जणांत असतो, याचा जुना अंदाज ८,००० माणसांत एक असा होता. २०२१ मध्ये न्यूयॉर्क राज्यात नवजात बाळांच्या पन्नास हजारांवर रक्तनमुन्यांत अक्षरं मोजली, तेव्हा सुमारे २,१०० बाळांत एकाकडे ती ५० किंवा जास्त निघाली. क्यूबेकच्या सॅग्ने-लाक-सां-झां या खोऱ्यात तर साधारण ५०० ते ६०० माणसांत एक रुग्ण आहे, कारण मूळ थोड्या वसाहतकऱ्यांपासून तिथली वस्ती फुगत गेली. वर उल्लेखलेला नऊ वर्षांचा अभ्यास तिथलाच.

सगळ्यांत जास्त अन्याय बहुधा शाळेत होतो. आजार लहानपणी सुरू झाला तर आधी हात आखडत नाही, आधी अभ्यास अडतो. मुलगा वर्गात पेंगतो, अक्षर गिचमिड, लक्ष उडतं, बोलणं नाकातून, तोंड उघडं. शेरा पडतो: "हुशार आहे पण कष्ट नाही करत." कधी अतिचंचलतेचं, कधी स्वमग्नतेचं निदान होतं, आणि ते चूक असतं असंही नाही, अपुरं असतं. स्नायूंचं चिन्ह दिसेपर्यंत त्याची दहावी होऊन गेलेली असते. अशा मुलाच्या आईने दाराची मूठ धरून सोडताना किती वेळ लावला, हे कुणी पाहिलं असतं तर पाच-सात वर्षं वाचली असती.

आजार मुळासकट बरा करणारं औषध अजून नाही. गुंत्यातल्या आरएनएवर नेम धरणारी औषधं माणसांवर तपासली जात आहेत, पण रक्तातून दिलेलं असं औषध स्नायूत पोचलं तरी मेंदूच्या दारावर अडतं. म्हणजे उद्या मूठ सुटू लागेल आणि माणूस तरी खुर्चीतच असेल, हे शक्य आहे. मुठीसाठी आजही मेक्सिलेटिन दिलं जातं, आधी हृदय तपासून. दिवसाच्या झोपेसाठी मोडाफिनिल काहींना उपयोगी पडतं.

खुर्चीसाठी जे केलं गेलं ते औषध नव्हतं. फ्रान्स, जर्मनी, नेदरलँड्स आणि ब्रिटनमधल्या २५५ अतिशय थकणाऱ्या रुग्णांवरचा एक प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना दहा महिने समुपदेशकाने वर्तन-उपचार दिले: झोपेच्या वेळा बांधणं, थोडं थोडं चालणं वाढवणं, कामाला स्वतःहून हात घालण्याची सवय लावणं. कामं आणि लोकांत मिसळणं थोडं वाढलं. फार नाही, पण वाढलं. यातलं तत्त्व घरीही उतरतं. "दिवसभर काय केलंस?" याने काही हलत नाही. "चल, चपला घाल, कोपऱ्यापर्यंत जाऊन दूध आणू" याने हलतं, कारण अडतं ते पहिल्या पावलाशी. एका वेळी एकच काम सांगावं, मोबाइलवर गजर लावावा, गोळ्यांचा वारांचा डबा ठेवावा, दवाखान्याची तारीख फ्रिजच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मस्क्युलर डिस्ट्रॉफीचं नाव आहे. दाखला काढायला जाताना मेंदूच्या चाचणीचा अहवालही बरोबर न्यावा, नुसते हातपाय दाखवून अर्धाच आजार कागदावर येतो.

विसरण्याची किंमत एका ठिकाणी जिवाची असू शकते. या रुग्णांना भूल देताना नेहमीची काही औषधं घातक ठरतात: स्नायू सैल करायला दिलेलं सक्सिनिलकोलीन उलट त्यांना आवळून टाकतं, आणि झोपेच्या व वेदनेच्या औषधांनी श्वास मंदावून ऑपरेशननंतर तासन्‌तास धोका राहतो. हृदयाचा ईसीजी दरवर्षी लागतो, पेसमेकर वेळेत बसावा लागतो. आणि भूलतज्ज्ञ विचारतो, "काका, काही जुना आजार?" काका म्हणतात, "नाही, तसा काहीच त्रास नाही." म्हणून रुग्णाच्या पाकिटात, आधार कार्डाशेजारी, आजाराचं नाव आणि भूल देण्याआधी वाचा असं लिहिलेली चिठ्ठी असावी, आणि दवाखान्यात जाताना घरचं कुणीतरी बरोबर असावं.